आपला संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू का होतो?



संगणक चालू आहे, काम अर्ध्यावर आले आहे, आणि एकाएकी पडदा काळा होतो. बटणाला कोणी हातही लावलेला नसतो. क्षणभराने पेटीतला पंखा परत घुर्र करतो आणि संगणक पहिल्यापासून सुरू होतो. लिहिलेले सगळे पुसले गेलेले असते! कधी दिवसातून एकदा, कधी तासातून चारदा. मग जमलेली माणसे विचारतात, "काहून असं होऊन राहिलं?" कोणी म्हणतो व्हायरस शिरला, कोणी म्हणतो डबडं जुनं झालं. शेवटी त्यावर कापड टाकून त्याला कोपऱ्यात सारले जाते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलपट्ट्यातल्या लहान शाळेत पुष्कळदा चालू असलेला संगणक एकच असतो. तो कोपऱ्यात गेला की सगळ्या पोरांचे शिकणे थांबते. दुरुस्तीला न्यावा म्हटले तर वाट लांबची. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता पावसाळ्यात कितीदा तुटला आहे, हे आपण जाणतोच. त्यातून एवढे करून पेटी शहरात नेली आणि तिथे ती दिवसभर सुरळीत चालली, तर दुरुस्तीवाला म्हणणार, "याला तर काहीच झालं नाही!" कारण पुष्कळदा दोष पेटीत नसतो, पेटीला मिळणाऱ्या विजेत किंवा हवेत असतो. भाडे गेले, दिवस गेला, दोष मात्र शाळेतच राहिला.

म्हणून पेटी उचलण्याआधी दोष कुठे आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे, ते या लेखात पाहू या.

१. यंत्राला लहर नसते

"मनात येईल तेव्हा बंद पडतो," असे आपण म्हणतो. पण यंत्राला मन नाही. कारण घडते तेव्हाच ते बंद पडते. ते कारण आपल्याला दिसत नाही एवढेच.

याचे एक मोठे उदाहरण आहे. अमेरिकेचे 'पाथफाइंडर' हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मध्येच आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. मंगळावर कोण दुरुस्तीवाला पाठवणार? शास्त्रज्ञांनी पृथ्वीवर तसाच दुसरा संगणक घेतला आणि तसाच बिघाड घडेपर्यंत त्यावर तीच कामे चालवून पाहिली. तेव्हा कारण सापडले. एक कमी निकडीचे काम एक सामायिक साधन धरून बसे. मधली दुसरी कामे त्याला ते सोडायला वेळच देत नसत. त्यामुळे सर्वांत निकडीचे काम खोळंबे, आणि असा खोळंबा दिसला की राखण करणारी यंत्रणा संगणक पुन्हा चालू करी. कारण कळल्यावर दुरून थोडा बदल पाठवून तो दोष दूर केला गेला.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, पुन्हा चालू होणे हा पुष्कळदा संगणकाचा स्वतःचा बचाव असतो. दुसरी, बिघाड कोणत्या वेळी घडतो हे कळले की अर्धे काम झाले.

२. पहिले हत्यार : पेचकस नव्हे, वही

संगणकाशेजारी एक चाळीस पानी वही दोरीने बांधून ठेवा. संगणक बंद-चालू झाला की लगेच लिहा : तारीख, वेळ, त्या वेळी काय काम चालले होते, दिवा मिचकला का, यूपीएस वाजला का, बाहेर ऊन होते की पाऊस, आणि पडदा नुसता काळा झाला की निळा होऊन काही अक्षरे दिसली.

आठ-दहा नोंदी झाल्या की वही बोलू लागते. समजा, सगळ्या नोंदी गावातली चक्की सुरू होण्याच्या वेळच्या आहेत, तर विजेकडे पाहा. सगळ्या दुपारी दोननंतरच्या आणि उन्हाळ्यातल्या आहेत, तर उष्णतेकडे पाहा. दर वेळी छपाई चालू होती, तर यूपीएसवरचा भार पाहा. वेळेचा काहीच मेळ नाही आणि पडदा निळा होतो, तर आतल्या भागांकडे पाहा.

अशी वही मोठमोठ्या प्रयोगशाळांतही असते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकाच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेच्या आपोआप उघड-मीट करणाऱ्या कळीत, एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो पतंग काढून नोंदवहीच्या पानावर चिकटवला. ती वही आजही संग्रहालयात जपून ठेवली आहे. संगणकातल्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. हा शब्द त्याआधीही वापरात होता, पण इथे खराखुरा किडाच निघाला!

३. पंखा फिरतो, मग वीज गेली कशी?

आता सर्वांत मोठा संशयित, वीज. "लाईन तर होती, पंखा थांबला नाही," असे सगळे म्हणतात. इथेच फसगत होते.

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि ती सेकंदाला ५० वेळा उलटसुलट हेलकावे घेते. म्हणजे एका हेलकाव्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. संगणकाच्या चिपांना मात्र एकाच दिशेची, अगदी स्थिर आणि कमी दाबाची वीज लागते : १२, ५ आणि ३.३ व्होल्ट. हा बदल करणारा डबा पेटीच्या आत मागच्या बाजूला असतो. त्याला एसएमपीएस म्हणतात.

या डब्यात वीज साठवणारे कपॅसिटर असतात. ते म्हणजे जणू नळ आणि पेला यांच्यामधला रांजण. नळाचे पाणी क्षणभर थांबले तरी रांजणातून पेला भरत राहतो. पण हा रांजण फार लहान! पूर्ण भार असताना चांगला एसएमपीएस सेकंदाचा साधारण साठावा भाग, म्हणजे एक हेलकावासुद्धा पुरता नाही, एवढाच दम धरतो. डबा जुना झाला, कपॅसिटर सुकले, की तेवढाही दम राहत नाही. अशा वेळी चिपांना चुकीची वीज मिळू नये म्हणून तो डबा 'वीज ठीक आहे' हा आपला इशारा मागे घेतो आणि संगणक थांबतो. वीज सावरली की पुन्हा सुरू होतो.

छताच्या पंख्याचे तसे नसते. त्याला वेग असतो. वीज क्षणभर गेली तरी तो आपल्या जोरावर फिरत राहतो. म्हणून "पंखा थांबला नाही" हा वीज न गेल्याचा पुरावा नव्हे.

मग ही क्षणभराची खोट येते कुठून? आपल्या चंद्रपूरला दुर्गापूरजवळ महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे. त्याची क्षमता २९२० मेगावॉट. इथून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर लांबीची एक खास लाईन गेली आहे. तिच्यातून ५ लाख व्होल्ट दाबाची एकाच दिशेची वीज जाते. एवढी वीज आपल्या जिल्ह्यात तयार होते, तरी जंगलातल्या गावात दिवा मिचकतो. लोक म्हणतात, दिव्याखाली अंधार. पण त्याला कारण आहे. मोठ्या लाईनीची वीज उपकेंद्रांत उतरत उतरत ११ हजार व्होल्टच्या तारांनी गावाजवळ येते आणि डीपीवर २३० व्होल्टची होते. या तारा कोसन् कोस झाडांमधून येतात. वाऱ्याने फांदी तारेला टेकली की लाईन तुटते किंवा झटका खाते. लाईन जितकी लांब, तितका शेवटच्या गावाला दाब कमी.

दुसरे कारण गावातच असते. पिठाची चक्की, धानाची गिरणी, शेतावरचा मोटारपंप यांची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. तेवढ्यात त्याच डीपीवरच्या इतरांचा दाब खाली बसतो. दिवा मिचकतो तो यामुळेच.

यावर उपाय असे :

(अ) संगणकाची पिन ज्या बोर्डात आहे तो बोर्ड सैल आहे का, पिन हलवली की ठिणगी उडते का, बोर्ड गरम लागतो का, हे गुरुजींना किंवा बाईंना सांगून वायरमनकडून तपासून घ्या. एकात एक खोचलेली एक्स्टेन्शन काढून टाका. गावात अर्धे संगणक नुसत्या सैल पिनेने 'बिघडतात' असे म्हटले तर फारसे खोटे ठरणार नाही.

(आ) तीन पायांची पिन तीन भोकांच्याच बोर्डात लावा. तिसरा पाय जमिनीचा, म्हणजे अर्थिंगचा. पेटीच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले तर अर्थिंग नाही असे समजा. हात लावणे थांबवा आणि मोठ्यांना सांगा.

(इ) दिवे नेहमीच मिचकत असतील तर वेळा लिहून तक्रार वीज कंपनीच्या कार्यालयात द्या. "लाईन बरोबर नाही" या तोंडी तक्रारीपेक्षा तारीख-वेळ घातलेला कागद जास्त बोलतो. इथेही वहीच कामाला येते.

४. यूपीएस आहे, पण बॅटरीत दम आहे का?

यूपीएस असला की आपण निर्धास्त होतो. पण त्याच्या पोटात १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते आणि ती साधारण दोन-तीन वर्षेच नीट चालते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर थकते. थकलेली बॅटरी वरून ओळखू येत नाही, हिरवा दिवा लागतोच. पण वीज गेली की यूपीएस बॅटरीवर भार टाकतो, बॅटरी मान टाकते आणि संगणक बंद.

परीक्षा सोपी आहे. सगळे काम जतन करा, कार्यक्रम बंद करा, आणि शिक्षकांच्या देखत यूपीएसची भिंतीवरची कळ बंद करा. संगणक पाच-दहा मिनिटे चालला तर बॅटरी ठीक. लगेच बंद पडला तर बहुतेक बॅटरी बदलायची वेळ झाली. नवी बॅटरी नव्या संगणकापेक्षा कितीतरी स्वस्त!

लेझर छपाईयंत्र मात्र यूपीएसवर कधी लावू नये. शाई कागदावर पक्की करायला ते आत तापते आणि तेव्हा एकदम पुष्कळ वीज ओढते. लहान यूपीएसला तो भार झेपत नाही. "छपाईला दिलं की संगणक बंद पडतो" या कोड्याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

५. ऊन आणि धूळ

चंद्रपूरचा उन्हाळा देशभर प्रसिद्ध आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, कधी ४७ च्याही पुढे. त्यात पत्र्याचे छप्पर असेल तर विचारूच नका.

संगणकाची मुख्य चिप काम करताना तापते. तिच्यावर धातूच्या पापुद्र्यांचा ठोकळा आणि छोटा पंखा असतो. पंखा खोलीतली हवा त्यावर फेकतो आणि उष्णता बाहेर जाते. पण खोलीची हवाच गरम असेल तर? खोली २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली की चिपही जवळपास तेवढीच, म्हणजे २० अंशांनी, जास्त तापते. १०० अंशांच्या आसपास गेली की जळू नये म्हणून ती आधी काम मंद करते, आणि तरी भागले नाही तर संगणक बंद होतो.

धूळ हे काम आणखी बिघडवते. आपल्याकडे धुळीला तोटा नाही. चंद्रपूर, घुग्घूस, बल्लारपूरकडे कोळशाची, धानपट्ट्यात कोंड्याची, आणि वर्गात खडूची! ती पापुद्र्यांत बसली की गोधडीसारखा थर होतो. हवा आत जातच नाही.

काय करावे? चालू संगणकावर विणलेला रुमाल किंवा आवरण घालू नये. आवरण फक्त बंद करून गार झाल्यावर. पेटी भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, जमिनीवर ठेवू नये. कडक उन्हाळ्यात संगणकाचा तास सकाळी घ्यावा. आणि सहा महिन्यांतून एकदा मोठ्या माणसाने सगळ्या वायरी काढून, पेटी व्हरांड्यात नेऊन, मऊ कोरड्या ब्रशने किंवा हवेच्या फुंकणीने धूळ काढावी. त्या वेळी छोटा पंखा बोटाने धरावा, गरगर फिरू देऊ नये. ओले फडके मुळीच नको.

उष्णतेचाच दोष आहे का, हे ताडायचे असेल तर पेटीची बाजूची झाकणी उघडून (हे काम मोठ्यांचे!) समोर टेबलपंखा ठेवून पाहावा. त्याने संगणक तासन् तास टिकला तर चोर सापडला. पण हा तपास झाला, उपाय नव्हे. झाकणी परत लावलीच पाहिजे, नाहीतर बोट किंवा पाल आत जायची.

६. बिनबोलावलेले पाहुणे

जंगलाशेजारच्या गावात पेटीला आणखी एक त्रास. ऊब मिळते म्हणून मुंग्या, झुरळे आणि पाली आत शिरतात. उंदीर वायरी कुरतडतो. कुंभारीण माशी भोक दिसले की मातीचे घर बांधते आणि हवेची वाट बुजवते. ओल्या किड्याने दोन टोके जोडली गेली की संगणक बंद. म्हणून मागची रिकामी भोके पत्र्याच्या पट्टीने झाकावीत. हवेच्या जाळ्या मात्र झाकू नयेत. संगणकाच्या टेबलावर डबा खाऊ नये, हे गुरुजी का सांगतात ते आता कळले ना? सांडलेला एक कण मुंग्यांना आमंत्रणच देतो.

पेटीच्या पुढच्या बटणाकडेही पाहा. धुळीने ते आत अडकून बसले तर संगणकाला वाटते, कोणी ते दाबूनच धरले आहे. चालू-बंदचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरले तर तो बंद होतो. रीसेटचे बटण दाबले गेले तर तो लगेच पुन्हा चालू होतो.

७. निळा पडदा

बंद होण्याआधी पडदा निळा होऊन अक्षरे चमकत असतील तर वीज बहुधा निर्दोष. मग दोष स्मरणपट्टीत (रॅम), साठवणीच्या तबकडीत किंवा एखाद्या कार्यक्रमात असतो. विंडोजमध्ये असा दोष आला की संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो आणि अक्षरे वाचायला वेळच मिळत नाही. 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या ठिकाणी 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढली की संदेश पडद्यावर थांबतो. तो जशाच्या तसा वहीत उतरवा. दुरुस्तीवाल्याला तेवढ्यावरून पुष्कळ कळते.

विंडोजच्या आतही नोंदी असतात. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' असे दिसले तर घाबरू नये. 'मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता' एवढाच त्याचा अर्थ. का, ते ती नोंद सांगत नाही.

पावसाळ्यात स्मरणपट्टीच्या पिवळ्या दातांवर दमटपणाने मळ चढतो. जाणत्या माणसाने वीज पूर्ण काढून, आधी पेटीच्या पत्र्याला हात लावून, पट्टी बाहेर काढावी, दात कोरड्या खोडरबराने हलके पुसावेत, कण झटकावेत आणि पट्टी 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवावी. पाच रुपयांच्या खोडरबराने संगणक सुधारतो, यात नवल नाही.

आणि व्हायरस? तोही कधी असतो. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाच्या किड्याने जगभरचे संगणक बंद-चालू केले होते. पण तेव्हा पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी दिसत असे. काहीही न दाखवता पडदा एकदम काळा होतो तेव्हा व्हायरसाला बोल लावण्याआधी पिन, यूपीएस आणि धूळ पाहावी. विंडोजचे नवे सुधार बसतानाही संगणक पुन्हा सुरू होतो, पण तो दोष नव्हे. तेव्हा पडद्यावर तसे लिहून येते.

८. हे मात्र कधीही करू नका

एसएमपीएसचा डबा कधी उघडू नका. पिन काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज काही वेळ राहू शकते. तो जिवावरचा खेळ आहे. असा डबा दुरुस्त करत बसू नये, बदलावा. ढग गडगडू लागले की काम जतन करून संगणक बंद करा आणि भिंतीतली पिन काढा. वीज डोक्यावर कडाडत असताना मात्र पिनेला हात लावू नका. आणि एका वेळी एकच बदल करा. पिन, बॅटरी आणि पट्टी एकाच दिवशी बदलली तर खरा दोष कोणता होता हे कधीच कळणार नाही. पुढच्या वेळी परत अंधारात चाचपडावे लागेल.

क्रम लक्षात ठेवा

आधी वही, मग पिन आणि बोर्ड, मग यूपीएस, मग धूळ आणि पंखा, मग बटण, मग स्मरणपट्टी. एवढे करूनही भागले नाही तर एसएमपीएस दुसरा लावून पाहायचा. मुख्य पाटीवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर मात्र पेटी जाणत्याकडे न्यायचीच. पण पेटीबरोबर वहीही द्यायची. मग तो "काहीच झालं नाही" म्हणणार नाही.

पालकहो, आपल्यात कोणी वायरमन आहेत, कोणी मोटार बांधणारे आहेत, कोणी चक्की चालवणारे आहेत. शाळेचा बोर्ड आणि अर्थिंग एकदा पाहून दिलेत तर एका रविवारचे काम आहे. चक्की सुरू करायची वेळ सांगून ठेवलीत तर आम्ही संगणकाचा तास त्यानंतर घेऊ. आणि घरी मोटारपंप, टीव्ही किंवा फ्रीज मध्येच बंद पडत असेल तर तिथेही एक चाळीस पानी वही बांधून ठेवा. यंत्र बोलत नाही, पण त्याची नोंद ठेवली तर ते आपले दुखणे बरोबर सांगते.

— इयत्ता ७ वीच्या विज्ञान गटातर्फे